दोन वेढे, गाठ नाही

कॅलेंडर चुकीचं होतं असं म्हटलं तर तो कॅलेंडरवर अन्याय होईल. ते आपल्या जागी बरोबर होतं, फक्त वर्ष मागचं होतं. ॲडव्होकेट भावना मगरे यांच्या जालन्यातल्या ऑफिसात ते खिडकीशेजारी लटकत होतं. त्याच्या पानांच्या कडेनं अर्ध्या जिल्ह्यातल्या जिनिंगवाल्यांचे, मोसंबीच्या अडत्यांचे आणि एका गॅसवाल्याचे फोन नंबर लिहिलेले होते, शिवाय त्याच्यामागे भिंतीचा पोपडा उडालेला होता, म्हणून ते कोणी काढत नव्हतं. चालू वर्षाचं कॅलेंडर त्याच्यावरच लावायचं असं जानेवारीत ठरलं होतं. ऑक्टोबर उजाडला तरी ते कपाटावर रबर लावून गुंडाळलेलंच होतं.

अशा ऑक्टोबरात पिंपळगाव रेणुकाईच्या गिरिजाबाई एका बियाणे कंपनीनं त्यांच्यावर केलेल्या दाव्याचे कागद पिशवीत घालून आल्या. मॅडम कोर्टात होत्या. ऑफिसात होता तो त्यांचा ज्युनिअर अपूर्व. परतूरचा पोरगा, शाळा परतूरची, कॉलेज जालन्याचं, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं थेट पेनानं सोडवणारा. (हे लिहिणारा आणि हा अपूर्व एकच. पण स्वतःच्या गाढवपणापुढे 'मी' लावायला पेन कुरकुरतं, तेव्हा त्याला परका धरलेला बरा.)

"समन्स कधी मिळालं, मावशी?" अपूर्वनं वकिली आवाजात विचारलं.

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. बैलाच्या शिंगाचा रंग वाळला नव्हता, तं बेलिफ आल्ता दारात."

अपूर्वनं मान वर केली, कॅलेंडर पाहिलं. पोळा, चौदा सप्टेंबर. दुसरा दिवस पंधरा. तिथून एकशेवीस दिवस मोजले आणि डायरीत तेरा जानेवारीला लाल गोल केला. गोल फार सुबक आला होता. त्या वर्षीचा पोळा दोन सप्टेंबरलाच होऊन गेला होता, हे त्याला आठवायला हरकत नव्हती, कारण त्या दिवशी त्यानं घरी पाच पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या. पण तारखा कॅलेंडरात बघायच्या असतात, पोटात नाही, असा त्याचा समज.

आता हे एकशेवीस दिवस काय, ते सांगायला हवं. साध्या दिवाणी दाव्यात वकील तारखा मागतो, कोर्ट देतं, माणसं म्हातारी होतात. पण व्यापारी तंट्यांसाठी जे कमर्शिअल कोर्ट असतं तिथं तसं चालत नाही. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत आपलं लेखी म्हणणं, म्हणजे कैफियत, द्यायची. कोर्टाकडून मुदत वाढवून घेतली तरी फार तर एकशेवीस दिवस. एकशेएकविसाव्या दिवशी दार बंद, मग तुमची बाजू सोन्याची असली तरी.

नऊ जानेवारीला, चार दिवस हातात आहेत अशा थाटात, मॅडम आणि अपूर्व कैफियत घेऊन कोर्टात उभे राहिले. समोरचे वकील पुण्याहून आलेले, बोलणं लोण्यासारखं. ते नुसते उठले आणि म्हणाले, "सर, समन्स तीन सप्टेंबरला बजावलं गेलंय. बेलिफाच्या अहवालावर प्रतिवादीची तारखेनिशी सही आहे."

मॅडमनी कोर्टाची फाइल मागून घेतली. पान उलटलं. अपूर्वला त्या पानाचा आवाज अजून ऐकू येतो. मग त्या ताठ उभ्या राहिल्या.

"सर, चूक माझ्या ऑफिसची आहे. पक्षकाराची न्हाई."

मॅडम कोर्टात कधी 'न्हाई' म्हणत नाहीत. तो एक 'न्हाई' निसटला, तेवढ्यावरून अपूर्वला कळलं की पाणी कुठवर आलंय.

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला. "मॅडम, माझ्या हातात काही नाही. कैफियत घेता येणार नाही." आणि तसा आदेश झाला.

बाहेर बाकावर गिरिजाबाई बसल्या होत्या. मॅडम थेट त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

"मावशी, आपलं म्हणणं कोर्टानं घेतलं न्हाई. मुदत निघून गेली. चूक माझी हाय."

गिरिजाबाई थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "मंग आता?"

"आता आपल्याला आपली बाजू सांगता येत न्हाई. साक्षीदार आणता येत न्हाई. पण त्यांचा माणूस साक्षीला येईल, त्याला प्रश्न विचारायची परवानगी हाय."

"म्हंजे आपलं तोंड बंद."

"आपलं बंद. मंग त्याच्या तोंडून बोलायचं."

अपूर्व मागं उभा राहून स्वतःचे बूट बघत होता. बूट बरे होते, पण इतके बघण्यासारखे नव्हते.

जिन्यात मॅडमनी त्याला थांबवलं. आता आपली वकिली परतूरच्या मोंढ्यात हमालीवर जाणार, हे त्यानं मनोमन मान्य केलं होतं.

"ते कॅलेंडर तिथं कोणी ठेवलं होतं?"

"तुम्हीच, मॅडम. नंबरांसाठी."

"मंग अर्धं माझं. पण बेलिफाचा अहवाल कोर्टात जाऊन का न्हाई पाह्यला?"

अपूर्वनं हातातली फाइल दुसऱ्या हातात घेतली.

"वकीलपत्र माझ्या नावाचं हाय, म्हणून मी माझी चूक सांगितली. तुझी तू सांगायची त्यांना. स्वतः. निकाल काही लागो." एवढं बोलून त्या उतरून गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

कंपनीचं म्हणणं थोडक्यात असं. गिरिजाबाई संकरित मिरचीच्या बियांचं काम घ्यायच्या. कंपनी त्यांना नराचं आणि मादीचं बी द्यायची, त्या ते शेडनेटच्या जाळीत लावून घ्यायच्या आणि चाळीस-बेचाळीस बायका हातानं एकेका फुलाचं लग्न लावायच्या. ह्याला तिकडं क्रॉसिंग म्हणतात. लग्न लागलेल्या कळीला धाग्याची खूण, आणि खूण असलेलीच मिरची बियांसाठी तोडायची. कंपनीनं ते बी पेरून पाहिलं, तर शंभरातली तीस रोपं भलतीच निघाली. बायकांनी खुणा न बांधता, बिनखुणेच्या मिरच्या तोडून बी भेसळीचं केलं, असा दावा आणि ऐंशी लाखांची मागणी.

ऐंशी लाखांनी गिरिजाबाई घाबरल्या नव्हत्या, कारण तो आकडा त्यांच्या घरात मावणारा नव्हताच. त्यांना लागलं होतं वेगळंच. चौदा वर्षं त्यांच्या नावावर कंपन्या डोळे मिटून बी द्यायच्या. दाव्याची बातमी फुटली आणि त्या हंगामात एकाही कंपनीनं त्यांना नर-मादी दिलं नाही. गिरिजाबाईचं बी खोटं, हे एकदा कोर्टाच्या कागदावर आलं की चाळीस बायकांचं काम कायमचं गेलं. आणि आता त्या कागदावर गिरिजाबाईंचा एक शब्दही जाणार नव्हता.

ह्या मगरे मॅडम कोण, हा प्रश्न एकदा वकील संघानं अपूर्वला रीतसर घातला होता. पुस्तिका काढायची होती, तिच्यासाठी फॉर्म आला होता, 'व्यावसायिक पार्श्वभूमी' असं वर छापलेला. शिक्षण, अनुभव, विशेष क्षेत्र. मॅडमनी त्याला चार ओळी सांगितल्या आणि चहा मागवला.

"परदेशातला अनुभव असं विचारलंय, मॅडम."

"पुणे लिही. आमच्या आजीच्या काळात, निजामाच्या राज्यात, परदेशच होता तो."

अपूर्वनं पुणे लिहिलं नाही, पण फॉर्मात बसेना ते सगळं पुढच्या वर्षभरात त्याला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. वडील कडूबा मगरे जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या गोदामावर रखवालदार. आई सोनूबाई भोकरदन तालुक्यात गावाकडं क्रॉसिंगच्या कामावर. भावना बाराव्या वर्षापासून शाळा सुटली की आईच्या ओळीत. अभ्यास गावच्या विहारात, कारण तिथं ट्यूबलाइट होती आणि कोणी काम सांगत नसे. पुढं वडिलांच्या ओळखीनं त्याच गोदामाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. काम एकच, ओल्या कागदावर बी मांडायचं आणि किती उगवलं ते मोजायचं. दिवसाला हजार-दीड हजार बिया मोजून ही बाई लॉ कॉलेजला जायची. परीक्षेत कलमांचे आकडे तिला कधी चुकले नाहीत, ह्यात नवल नाही.

सनद मिळाल्यावर एका ज्येष्ठ वकिलांकडं सहा वर्षं. तिथं तिला काम काय, तर तारखा मागायच्या. "सर, पुढची तारीख मिळावी," एवढं एक वाक्य तिनं सहा वर्षं म्हटलं. मॅडम हे सांगतात तेव्हा हसतात. कडवटपणा शोधूनही सापडत नाही, अपूर्वनं शोधून पाहिला आहे.

नाव झालं ते सळईच्या खटल्यानं. एका व्यापाऱ्याचं म्हणणं होतं की त्यानं जालन्याहून परतूरला एका दिवसात, एकाच ट्रकनं, नऊ खेपा सळई पोचवली, पावत्या हजर. वकिलांची रीत अशी की आधी पावत्या वाचायच्या. भावना मगरे आधी वजनकाट्यावर गेल्या. दिवसभर तिथं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांनी ट्रक मोजले. रिकामा काटा, भराई, भरलेला काटा, चालकाचा चहा, चालकाचा दुसरा चहा. मग कोर्टात त्या व्यापाऱ्याला चहासकट सगळा हिशोब विचारला आणि शेवटी म्हणाल्या, "हा ट्रक होता का हेलिकॉप्टर?" न्यायाधीशांनी तोंडापुढं फाइल धरली ती मिनिटभर खाली आली नाही.

तेव्हापासून त्यांचा एकच धडा. माल आधी, कागद नंतर. ऑफिसात कायद्याच्या पुस्तकांच्या रांगेखाली एक फळी आहे. तिच्यावर सरकीचा पुडा, सळईचा तुकडा, फुटलेलं लाखेचं सील, वाळून लाकूड झालेली एक मोसंबी. बाहेरगावचे वकील ती मोसंबी बघून हसतात. तिच्या केसमध्ये हरलेले हसत नाहीत. आणि इंग्रजी मसुदा मॅडम असा लिहितात की एकदा मुंबईच्या एका फर्मनं विचारलं होतं, हा तुम्ही कोणाकडून लिहून घेता? मॅडमनी उत्तर पाठवलं, इंग्रजीतच, दोन शब्दांचं: फ्रॉम मायसेल्फ.

तर जानेवारी संपताना, एका दुपारी तीन वाजता, मॅडम अपूर्वला घेऊन पिंपळगावच्या शिवारात गेल्या. गिरिजाबाईंचं काम बंद होतं, पण त्यांच्या टोळीतली बेबीनंदा दुसऱ्याच्या शेडनेटवर रोजानं जात होती. जाळीच्या आत हिरवट उजेड, मिरचीची कमरेएवढी झाडं, आणि ओळीत बसलेल्या बायका. उद्या उमलणारी कळी आज दुपारी उघडायची, चिमट्यानं आतले नराचे कण काढायचे, खूण बांधायची, आणि उद्या सकाळी परका नर लावायचा.

मॅडमनी पदर खोचला, चिमटा घेतला आणि बसल्या. पहिल्या कळीला थोडा वेळ लागला. दुसरीपासून बोटं अशी चालायला लागली की बेबीनंदा काम सोडून बघत राहिली.

"मॅडम, हात विसरला न्हाई की तुमचा!"

"बारा वर्षांची आसल्यापून हात हाय हा. काळा कोट लई उशिरा आला."

"तुमच्या पोरालाबी शिकवा मंग. उभा राहून सावली देऊन राह्यलाय नुसता."

अपूर्व बसला. पहिली कळी देठातून तुटली. दुसरी दोन बोटांत चेंगरली. अकरावीपर्यंत हेच चाललं.

"वकीलसायब," बेबीनंदा म्हणाली, "एक कळी म्हंजे एक मिरची. पाव किलो मारली तुमी. कोणतं कलम लागतं ह्याला?"

पूर्ण ओळ हसली. बारावी कळी मात्र शाबूत राहिली. अपूर्वनं अभिमानानं लाल धागा घेतला आणि देठाला मस्त गाठ मारली. दोनदा. आवळून.

"आरारा!" बेबीनंदानं त्याचा हातच धरला. "गाठ न्हाई मारायची! देठ जाड व्हतं, गाठ काचती, कळी गळून जाती. दोन वेढे द्यायचे सैल, अन् सोडून द्यायचं. हे बघा."

"मग सुटत नाही?"

"हा सुटत न्हाई. कंपनीचा नायलॉनचा सुटतो, सुळसुळीत मेला. म्हणून आमी लोकर वापरतो. हा गुंडा माझ्या लेकाच्या स्वेटरचा हाय, नववीतल्या. उसवून केला. लोकरीला लव आसती, वेढा धरून बसती."

मॅडम त्या कळीवर वाकल्या होत्या. त्या अपूर्वनं मारलेल्या गाठीकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "अपूर्व, ही गाठ तुला कोणी शिकवली?"

"कोणी नाही. आपोआपच मारली."

"आपोआप," मॅडम म्हणाल्या. "ज्यानं कधी हे काम पाह्यलं न्हाई, त्याचा हात आपोआप गाठच मारतो." आणि बेबीनंदाकडं वळल्या. "हा गुंडा मला देती का थोडे दिवस?"

"न्या की. पण परत पाह्यजे बरं का. तसला स्वेटर आता न्हाई, अन् पोरगंबी पुन्हा नववीत जायचं न्हाई."

"अपूर्व आणून देईल."

"देतो," अपूर्व म्हणाला. एवढं सोपं काम त्याला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

एप्रिलमध्ये साक्ष निघाली. कंपनीचे प्रॉडक्शन मॅनेजर इस्त्रीच्या शर्टात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आले. त्यांनी शपथपत्रात लिहिलं होतं की हंगामाचे पाचही आठवडे ते स्वतः जाळीत बसून क्रॉसिंग बघत होते, बायका खुणा चुकवताना त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या, आणि गिरिजाबाईंना तोंडी समज दिली. खोडून काढायला गिरिजाबाईंकडं तोंड नव्हतं. त्या मागच्या बाकावर बसल्या होत्या, शेजारी बेबीनंदा.

मॅडम उठल्या. आवाज असा, जणू पाहुण्यांना चहा विचारतायत.

"साहेब, तुम्ही स्वतः बसायचे जाळीत?"

"हो. तीन-तीन तास."

"उन्हाचं?"

"कामच आहे ते, मॅडम."

"म्हणजे कळीला खूण बांधताना तुम्ही किती वेळा पाहिलं असेल?"

"हजार वेळा."

"जवळून?"

"हातभरावरून."

मॅडमनी पिशवीतून पेला काढला, त्यात पाणी आणि मिरचीची कळ्या आलेली फांदी. दुसऱ्या हातात लाल लोकरीचा गुंडा. पुण्याचे वकील ताडकन उठले. "सर, ह्यांची कैफियतच नाही. ह्यांना पुरावा देता येत नाही. हा गुंडा कुठून आला?"

"मी पुरावा देत नाही, सर," मॅडम म्हणाल्या. "साक्षीदारांनी हजार वेळा हातभरावरून पाहिलेलं काम त्यांनी एकदा करून दाखवावं, एवढीच विनंती आहे."

न्यायाधीशांनी पेल्याकडं पाहिलं, फांदीकडं पाहिलं. "दाखवू द्या."

मॅनेजर हसले. धागा घेतला, देठाभोवती फिरवला, गाठ मारली. मग, काम पक्कं करणाऱ्या माणसासारखी, वर आणखी एक. उरलेला धागा दातानं तोडला. मागच्या बाकावरून "आगं बाई" असा दबका आवाज आला. शिपायानं बेबीनंदाकडं डोळे वटारले.

"अशीच बांधतात?"

"अशीच."

"इतकी गच्च?"

"गच्चच. नाहीतर खूण गळून पडेल."

मॅडमनी ते शब्द न् शब्द लिहून घ्यायची विनंती केली. टायपिस्टची बोटं थांबेपर्यंत त्या थांबल्या. मग कंपनीनंच दाव्यासोबत दाखल केलेली एक छोटी पुस्तिका पुढं केली, बायकांना द्यायच्या सूचनांची. "पान सात. मोठ्यानं वाचा."

मॅनेजरनी वाचायला सुरुवात केली आणि अर्ध्यात आवाज बारीक झाला. "'देठाभोवती धाग्याचे दोन सैल वेढे द्यावेत. गाठ मारू नये. गाठीमुळे... गाठीमुळे कळी गळते.'"

"ही पुस्तिका कोणाच्या विभागानं काढली?"

"आमच्या."

"विभागाचे प्रमुख?"

मॅनेजरनी पुस्तिका मिटली. "मी."

इथं दुसरा कोणी वकील टेबलावर हात आपटून बसला असता. अपूर्वनं तर हात उचललाही होता. मॅडमनी पान उलटलं.

"बायकांनी खूण नसलेली मिरची तोडली, असं तुम्ही म्हणता. खूण नाही म्हणजे परका नर लागला नाही. मग त्या बियांतून रोप कसं येतं? कोणासारखं?"

"मादीसारखं."

"फक्त आईवर गेलेलं."

"हो."

"आईचं खोड कोणत्या रंगाचं?"

"हिरवं."

"तुम्ही दिलेल्या नराचं, म्हणजे बापाचं?"

"तेही हिरवं."

"आता तुमचाच तपासणी अहवाल. जी तीस रोपं खराब निघाली, त्यांच्या खोडाचं वर्णन वाचा."

मॅनेजरनी कागद डोळ्यांजवळ नेला. "पेरांवर... जांभळी झाक."

"आईवर गेली नाहीत. बापावर गेली नाहीत. मग हा जांभळा कोणाचा?"

"जाळी फाटली असेल. मधमाशीनं बाहेरून आणलं असेल."

मॅडमनी कंपनीच्याच फायलीतले पाच कागद एकामागून एक त्यांच्यासमोर ठेवले. प्रत्येक आठवड्याचा पाहणी अहवाल, प्रत्येकावर लिहिलेलं, 'जाळी अखंड', आणि खाली मॅनेजरची सही.

"सही तुमची?"

"माझी."

"म्हणजे मधमाशी गेली. बायकांच्या हातात लावायला राहिला फक्त तुमचा नर. त्याचं बी कोणी दिलं होतं?"

"कंपनीनं."

"सीलबंद पिशवीत?"

"हो."

"सील गिरिजाबाईंसमोर फुटलं, तुमच्यासमोर फुटलं, का आधीच फुटलेलं होतं?"

"माझ्यासमोर. शाबूत होतं."

"बस, सर. आणखी काही विचारायचं न्हाई."

ह्या वेळचा 'न्हाई' निसटलेला नव्हता, एवढं अपूर्वला कळलं. गिरिजाबाईंचा एक शब्द कागदावर गेला नव्हता, आणि तरी भेसळ कंपनीच्याच नराच्या पिशवीत होती, हे त्यांचं सगळं म्हणणं पाच पानांत टाइप होऊन पडलं होतं, समोरच्याच सहीनिशी. फांदी कोणीतरी खिडकीतून बाहेर टाकली. गुंड्याला मात्र नंबराची चिठ्ठी लागली आणि तो रेकॉर्डमध्ये जमा झाला.

निकाल ऑगस्टमध्ये लागला. कंपनीला आपलं म्हणणं सिद्ध करता आलं नाही, दावा फेटाळला. निकालाची नक्कल हातात आली त्याच आठवड्यात दोन कंपन्यांनी गिरिजाबाईंना नर-मादीबद्दल फोन केले. मॅडमनी पेढा खाल्ला, कागद अपूर्वच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "नेऊन दे. अन् दुसरं काय द्यायचं राह्यलं, ते तुला माहीत हाय."

माहीत होतं. सात महिने तो ते पुढं ढकलत आला होता. साक्ष झाल्यावर सांगू, युक्तिवाद झाल्यावर सांगू. तारखा मागायचं काम त्यालाही छान जमायला लागलं होतं. भोकरदनवरून एसटीनं जाताना त्यानं वाक्य पाठ केलं. ओट्यावर बसल्यावर निकाल वाचून दाखवला, पाणी प्यायला, आणि पाठ केलेलं सगळं विसरून म्हणाला, "मावशी, ती मुदतीची चूक माझी होती. मॅडमची नाही. मी जुन्या कॅलेंडरात पोळा पाहिला."

गिरिजाबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"मला माहीत व्हतं."

"मॅडम बोलल्या?"

"त्या कशाला बोलतेत. त्या दिवशी त्या चूक कबूल करून राह्यल्या व्हत्या, अन् तू मागं उभा राहून बूट पाहून राह्यल्ता. चूक ज्याची आसती त्योच बूट पाह्यतो." त्यांनी एक खडा उचलून अंगणात फेकला. "राग आल्ता. लई. वाटलं, उठून एक ठिवून द्यावी. मंग वाटलं, ही बाई पोराला झाकून राह्यली, तं आपुन कशाला उघडं पाडावं. पण वाट पाह्यली मी तुझी. सात महिने लागले तुला जालन्याहून इथं यायला? तुझी एसटी लई हळू चालती."

अपूर्वनं बूट बघायचं टाळलं. जमलं नाही.

"जेवून जा," गिरिजाबाई म्हणाल्या, आणि तो विषय त्यांच्यापुरता मिटला.

मिटला नाही तो बेबीनंदाचा. ती दारातच उभी होती.

"झालं का वकीलसायबाचं कबूल करून? अन् माझा गुंडा?"

अपूर्वनं तयारीनं पिशवीतून जालन्याच्या बाजारातला नवाकोरा लाल गुंडा काढला. बेबीनंदानं दोन बोटांत धागा चोळला, काडीला दोन वेढे दिले, काडी हलवली. वेढे सुटून खाली पडले.

"नायलॉन मिसळलेला हाय ह्याच्यात. तुमी ठेवा, गाठी मारायला."

"अहो ताई, तुमचा गुंडा कोर्टात जमा आहे. अपिलाची मुदत संपल्याशिवाय मिळत नाही. मुदत संपली की मी अर्ज करतो."

"मुदत तुमी मोजणार?"

आतून गिरिजाबाईंच्या हसण्याचा आवाज आला.

मुदत त्यानं मोजली. ऑफिसात, चालू वर्षाच्या कॅलेंडरात, जे आता पोपड्यावर रीतसर लटकलेलं आहे, मग मोबाइलमध्ये, मग कोर्टात जाऊन निकालाच्या मूळ प्रतीवरची तारीख पाहून. मॅडमनी ती चौथ्यांदा मोजली आणि कागद त्याला परत दिला. साठ दिवस संपले, कंपनी अपिलात गेली नाही, अर्ज दाखल झाला. त्यावर पहिली तारीख पडली, न्यायाधीश रजेवर. दुसरी पडली, रेकॉर्ड वर आलं नव्हतं. तिसरी पुढच्या महिन्यात आहे.

पिंपळगावात नवा हंगाम सुरू झालाय. बेचाळीस बायका पुन्हा जाळीत बसतायत आणि बेबीनंदा शेजारणीच्या गुंड्यातला धागा मागून काम चालवतेय, हे ती अपूर्वला दर बाजाराच्या दिवशी फोन करून कळवते. फोनवर नमस्कार नसतो, ख्यालीखुशाली नसते.

"वकीलसायब, गुंडा?"

"तारीख आहे, ताई."

"बरं," ती म्हणते, आणि ठेवते.